गळ, पाऊस आणि रविवार

गळाने मासे धरणे हा खेळ की हिंसा, या वादात आज मला शिरायचे नाही. आम्हा गोवेकरांना तो परवडणाराही नाही. ज्याच्या ताटात रोज नुस्ते हवे त्याने अहिंसेवर न बोललेले बरे. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो सुचला समुद्रापासून शेकडो मैल दूर, भोपाळच्या साकेत नगरात, भाच्याच्या घरी.

भाचा फ्लाय फिशिंगच्या क्लबाचा सभासद. आपल्या गरीला कोलंबी किंवा गांडूळ लावतात. इथे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून जाड, जड दोरी मागेपुढे झुलवून तिच्या जोरावर माशी फेकायची. साहजिकच वारा हा या खेळाचा वैरी. समोरून आला की दोरी अंगावर परततेे. पाणी गढूळ झाले तर माशाला माशी दिसतच नाही.

तर जुलैत एका खाजगी तळ्यावर क्लबाची स्पर्धा ठरली होती, आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. पुढे ढकलावी की नाही, यावर सभासदांत जुंपली. भाचा म्हणाला, "मामा, कठीण हवेतच खरा गडी कळतो." यात तथ्य आहे. या खेळाच्या जागतिक स्पर्धा १९८१पासून होतात. तीन तासांचे सत्र, चिठ्ठ्या टाकून वाटलेला काठ, उलटा काटा नसलेला गळ, मासा मोजायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. हवा वाईट असली तरी सर्वांना सारखीच.

पण तिथला वाईट दिवस आणि आपला पावसाळा एक नव्हे. मृग बरसला की आपल्याकडे मासे चढणीला लागतात, पोटात गाभोळी घेऊन ओहोळातून थेट शेतापर्यंत. नर्मदेतला महासीर, जो २०११पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, तोही पावसाळ्यातच अंडी घालतो. म्हणून तिथे १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांत मासेमारीला बंदी. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेही याचसाठी. म्हणजे जी हवा माणसाला कठीण, ती माशाला वर्षातली सर्वांत मोलाची.

भाच्याचे उत्तर तयार होते. नदीशी संबंध नसलेल्या तळ्याला बंदी लागू नाही. शिवाय रोहू-कटला साठल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत. बरोबर आहे. म्हणूनच तर हिरालाल चौधरींनी १९५७ साली पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले, आणि १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन ठरला. वकिली बिनतोड!

तरीही मला पटले नाही. ज्याची चूल मासळीवर पेटते तो नदीकाठचा माणूस दोन महिने जाळे गुंडाळून ठेवतो. ज्याला मासा सोडूनच द्यायचा आहे, त्याला आठ-नऊ रविवार जड जावेत? कायद्याने मोकळीक दिली म्हणून ती घेतलीच पाहिजे असे थोडेच आहे? पहिल्या पावसात चढणीचे मासे टोपल्या भरभरून आणणारे आमचे लोकही याला अपवाद नाहीत. त्याला परंपरा म्हणून गोंजारणे मला आवडत नाही, भले माझे गाववाले रागावोत. (रागावतीलच.)

बरे, स्पर्धाच हवी तर पाण्याशिवायही होते. मैदानात कडी मांडायची, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधायचा आणि नेम धरायचा. वाऱ्यात फेकण्याचे सगळे कसब त्यात दिसते. भाचा रोज गच्चीवर हेच करतो, आणि झकास करतो.

स्पर्धा अखेर पुढे गेली. कारण एवढेच की तळ्याकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. नवी तारीख ठरायची आहे. मी १५ ऑगस्टनंतरची सुचवली आहे, बघू.