बाटली नको, घर रचा

व्यसनावर छायाचित्रमालिका करायची, तीही नट घेऊन, दिवे लावून, एखाद्या गाण्यावरून, असा बेत कुणी नुसता बोलून दाखवला तरी आक्षेप सुरू होतात. पहिला आक्षेप: हे नाटक झालं, कॅमेऱ्याचं काम खरं दाखवण्याचं. दुसरा: अशा चित्रांनी व्यसन देखणं होतं. तिसरा: गाण्यावर चित्रं बेतली की हाती कॅलेंडर येतं. तिन्हींत तथ्य आहे. तरीही माझं म्हणणं असं की व्यसनावर मालिका करायची तर ती रचूनच करावी. फक्त काय रचायचं ते नीट ठरवावं.

पहिल्या आक्षेपामागे मोठी नावं उभी आहेत. लॅरी क्लार्क यांनी 1971 च्या ‘टल्सा’ या पुस्तकात सुया टोचून घेणारे तरुण दाखवले. नॅन गोल्डिन यांचं ‘द बॅलड ऑफ सेक्शुअल डिपेंडन्सी’ 1986 चं. त्याचं नाव तर ब्रेख्तच्या नाटकातल्या एका गाण्यावरूनच घेतलेलं. ही कामं अस्सल आहेत, वाद नाही. पण क्लार्क स्वतः त्या टोळक्यातलेच होते आणि गोल्डिन यांनी मित्रमैत्रिणींइतकंच स्वतःलाही उघडं केलं. शनिवारी पुलाखाली जाऊन गर्दुल्ल्यांचे फोटो काढायचे आणि रविवारी घरी बसून ते निवडायचे, याला त्यांचा दाखला लागू पडत नाही. नशेत असलेल्या माणसाने मान डोलावली, ती संमती धरायची का?

आपल्याकडचा दाखला म्हणून अनिल अवचटांचं ‘गर्द’ हे पुस्तक पुढे केलं जातं. तेही खऱ्या माणसांत जाऊनच लिहिलेलं, हे कबूल. पण लेखणीला नाव बदलता येतं, कॅमेऱ्याला चेहरा बदलता येत नाही. शिवाय अवचट लिहून थांबले नाहीत. 1986 मध्ये डॉ. सुनंदा अवचटांबरोबर त्यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. माणूस व्यसनातून सुटतो, लग्न करतो, नोकरीला लागतो. फोटोतला मात्र कायमचा गटाराकडेला पडून राहतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसने वर्तमानपत्रं, रेडिओ आणि चित्रपटांत सभासदाचं नाव येऊ न देण्याची परंपरा पाळली, ती उगाच नव्हे. आपला 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार आपल्या कक्षेत घेतो आणि उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र त्याच्या संमतीविना माध्यमांना देऊ देत नाही.

आणि रचलेलं ते खोटं, हा हिशोब तरी कुठला? हेन्री पीच रॉबिन्सन यांनी 1858 मध्ये पाच निगेटिव्ह जोडून क्षयाने विझत चाललेली मुलगी दाखवली. मॉडेल मुलगी ठणठणीत होती. तरी त्या काळच्या टीकाकारांची तक्रार अशी की, असं दुःख छायाचित्रात बघवत नाही! गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक 1919 मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा दारुड्या सुधाकराची बायको सिंधू झाले होते बालगंधर्व: पुरुष, बाईच्या वेशात, रंगवलेल्या पडद्यापुढे. बेगडीपणात आणखी काय कमी होतं? पण प्रेक्षक रडले, कारण त्या संसारातला कुठला ना कुठला कोपरा त्यांच्या ओळखीचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नव्वदीच्या दशकात फॅशनच्या मासिकांनी डोळे खोल गेलेल्या, हाडं निघालेल्या मॉडेल विकल्या. त्या ‘हेरॉइन शिक’वर 1997 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना जाहीरपणे बोलावं लागलं. ती चित्रंही रचलेलीच होती. म्हणजे रचण्याने सगळं साधतं असं नाही. गडकऱ्यांच्याच नाटकात बघा. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला, म्हणजे पिणाऱ्यांच्या टोळक्याला, हशा मिळतो. प्याला हातात दिसला की पाहणारा थोडा तरी त्या बैठकीत जाऊन बसतोच. शिवाय ग्लास, सुई, चिलीम नुसती दिसली तरी सुटलेल्या माणसाची तलफ उसळू शकते. तेव्हा या आक्षेपाला माझं उत्तर एकच: वस्तूच चौकटीबाहेर ठेवा. रस्त्यावर काढलेल्या फोटोत ते हातात नसतं, रचताना असतं.

आता गाणं. शब्दाला चित्र जोडत गेलं तर कॅलेंडरच होईल, हे बरोबर. पण गाण्याकडून शब्द घ्यायचेच कशाला? गडकरी प्रयोगाआधीच गेले. ‘एकच प्याला’ची पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सिंधू तान्ह्याला घास भरवताना जे पद म्हणते त्यात यशोदा आहे, कृष्ण आहे. दारूचं नावसुद्धा नाही. तरी सुधाकराचा प्याला त्या पदात ऐकू येतो. मालिका करायची तर या पदावर करावी.

गाण्याकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे ध्रुवपद. जॉर्ज क्रुकशँक यांनी 1847 मध्ये ‘द बॉटल’ ही आठ चित्रांची मालिका काढली: पहिल्या घोटापासून वेड्यांच्या इस्पितळापर्यंत सरळ उतरण. व्यसनी माणसाच्या घरच्यांना विचारा, ते वेगळंच सांगतील. तो सोडतो, पुन्हा घेतो, पुन्हा सोडतो. ही ये-जा एका फोटोत मावत नाही. गाण्यासारखी फिरून त्याच ओळीवर येणारी मालिका ती दाखवू शकते.

म्हणून स्वयंपाकघराची एकच चौकट घ्यावी, कॅमेरा हलवू नये, आणि दर दोन-तीन चित्रांनंतर तिथेच परत यावं. दुधाचे पैसे आधी फळीवर उघडे. मग डाळीच्या डब्यात. मग हिंगाच्या डबीत, कारण तिथे तो हात घालत नाही. भिंतीवरचं घड्याळ जातं. खिळा आणि रंग न उडालेला गोल उरतो. बाईच्या गळ्यात मंगळसूत्राऐवजी काळी पोत. पुढे तो सुटतो, भिंतीवर घड्याळ येतं, पोरगी निवांत गृहपाठ करते. पैसे मात्र अजून हिंगाच्या डबीतच. सुटल्यानंतरही विश्वास किती उशिरा परततो, हे दाखवायला बाटली लागत नाही.

अटी दोनच. चित्रं रचलेली आहेत हे भिंतीवर ठळक लिहावं. आणि प्रदर्शनाआधी मालिका सुटलेल्या माणसांना, त्यांच्या बायकांना दाखवावी. त्या ज्याला खोटं म्हणतील ते चित्र काढून टाकावं. रचलेल्या चित्रात खोट निघाली तर बदनामी छायाचित्रकाराची होते. टिपलेल्या चित्रातल्या खऱ्याची किंमत दुसराच कुणी आयुष्यभर फेडतो. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी या फेडीचा हिशोब द्यावा.