बंदीवाचून बंदी

नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर. त्यांच्या ‘१८५७चे स्वातंत्र्यसमर’ या ग्रंथावर इंग्रज सरकारने १९०९ साली प्रकाशनापूर्वीच बंदी घातली. आजचे सरकार इतके अडाणी नाही. ते पुस्तक कपाटात राहू देते आणि पुस्तक ज्या कलमावर उभे आहे ते कलमच बदलते.

माहितीचा अधिकार समजावून सांगणारी मराठी पुस्तके पाहा. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे २००५च्या कायद्यातले वचन त्यांत आम्ही वाचले, इतरांना वाचून दाखवले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते पुसले; नोव्हेंबर २०२५मध्ये बदल अमलात आला. आता निकृष्ट रस्ता कोणी मंजूर केला असे विचारल्यास ‘वैयक्तिक माहिती’ एवढे उत्तर पुरेल. लोकहिताचे कलम ८(२) शिल्लक आहे खरे. पण ते लोकहित पटवून देण्याची यातायात अर्जदाराचीच.

केंद्राआधी महाराष्ट्राने असा कायदा केला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. मग प्रकाशकांकडे सुधारित आवृत्ती का मागत नाही? ती येईपर्यंत १८४०पासूनच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी निदान त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवावी.