रंगाआधी गेरू

दिवाळीत अंगणात रांगोळी काढण्यापूर्वी आमची आई जमीन झाडून तिच्यावर गेरूचा हात फिरवीत असे. तो वाळल्याशिवाय रांगोळीच्या डब्याला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. हा धडा लहानपणी रोज पाहूनही गेल्या दिवाळीत आम्ही तो साफ विसरलो.

झाले असे, की आमच्या जुन्या मोटारीच्या दाराखाली रुपयाएवढा रंग उडाला होता. भाऊबीजेला सातपाटीला बहिणीकडे जायचे, तेव्हा ‘तेवढा डाग झाका बाई एकदाचा’ असा घरातून हुकूम सुटला. आम्ही स्प्रेचा डबा आणला आणि गंजावरच रंग उडवला. गाडी नवरीसारखी दिसू लागली! पुढे नारळी पौर्णिमेला पुन्हा सातपाटीला गेलो, तेव्हा तेथे फोड आलेला. नखाने टोकरला, तर बोट पत्र्यातून आरपार गेले.

बहिणीच्या शेजारचे वृद्ध तांडेल हे पाहत होते. म्हणाले, “भाऊ, मिठावर रंग लावलात. आता मीठ आतून खाणारच.”

त्यांचे बोलणे शास्त्राला धरूनच होते. मीठ हवेतली ओल शोषून घेते आणि त्या खाऱ्या ओलीत लोखंड झपाट्याने गंजते. वरचा रंग गंज थांबवीत नाही, नुसता झाकतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेली होडी हे लोक आधी धुतात, खरवडतात, वाळवतात आणि मगच रंगाचा डबा उघडतात. आम्ही शेवटची पायरी तेवढी उचलली होती.

तेव्हा वाचकहो, प्रथम साबण व गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा आणि जागा कोरडी होऊ द्या. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लखलखीत पत्रा दिसेपर्यंत गंज घासा. पुढे १८० आणि ३२० ने कडा इतक्या उतरत्या करा, की बोटाला पायरी लागता कामा नये.

आता प्रायमर. खिडकीच्या गजांना लावतात तो लाल रेड ऑक्साइड स्वस्त असतो. त्याचा लाल आणि आपल्या गेरूचा लाल एकाच लोहाच्या ऑक्साइडचा! परंतु पुष्कळ मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो व त्यावरून तेलकट जातीचा प्रायमर कालांतराने सुटतो. उघड्या पत्र्यावर दोन भाग मिसळून करायचा एपॉक्सी प्रायमर उत्तम, कारण तो घट्ट धरतो आणि ओल आत शिरू देत नाही. राखी रंगाचा सरफेसर केवळ खळगे व ओरखडे सपाट करण्यासाठी. तो ओल पितो, म्हणून समुद्रकाठी त्याला रात्रभर उघडा ठेवू नये. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र प्लॅस्टिकसाठीचाच प्रायमर हवा.

वरच्या रंगाचा क्रमांक बहुधा दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. आधी पुठ्ठ्यावर उडवून गाडीशी ताडून पाहा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. प्रत्येक हात वाळू द्यावा आणि शेवटी क्लिअर लॅकर. पहाटेच्या दवात हे काम करू नका. ऊन वर आल्यावर, पण पत्रा तापण्यापूर्वी करा. हार्डनर घालून उडवायच्या रंगांतील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे कुचकामी ठरतो. ते काम योग्य मास्क असलेल्या पेंटरवर सोपवा.

आणि बोट आरपार जात असेल, तर रंगाचे नावच काढू नका. दाराखालची ती पोकळ पट्टी गाडीचा भार पेलते. धडक बसली, तर आतल्या माणसांना तिचाच आधार. तेथे लांबी भरून रंग मारणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. आम्हाला कुजका पत्रा कापून नवा जोडून घ्यावा लागला आणि रुपयाएवढ्या डागापायी महिन्याचे अंदाजपत्रक कोसळले.

यंदा भाऊबीजेला त्याच गाडीतून जाऊ. नव्या ठिगळाचा रंग बाकीच्यापेक्षा किंचित गडद आहे, हे बहिणीच्या नजरेतून सुटणार नाही. हसेल ती खुशाल! आम्ही सांगू, “ताई, रंगाकडे पाहू नकोस. या खेपेला खाली गेरू आहे.”