कितव्या पानावर सोडलीत?

दिवाळी अंक कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. संपादकीयातच हे कबूल करावं लागतंय, कारण तुम्ही इथे पोचलात तोवर राशिभविष्य वाचून झालं असणार, व्यंगचित्रं बघून झाली असणार, आणि आवडत्या लेखकाची कथा किती पानांची आहे हेही चाळून झालं असणार. मग भाऊबीज उरकली, चिवड्याच्या डब्याच्या तळाशी नुसते दाणे नि डाळं उरलं, की कधीतरी संपादकीयाची पाळी. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक असाच उड्या मारत वाचत आला असावा. त्याला अवघड वाचन कुणी म्हणत नाही.

हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनाच्या लेखकाची 'रायुएला' ही कादंबरी 1963 मध्ये आली. (आपल्याकडे 'कोसला' आली तेच साल. तीही त्या वेळी अनेकांना विचित्रच वाटली होती.) रायुएला म्हणजे आपला ठिकरीचा खेळ, जमिनीवर घरं आखून एका पायावर उड्या मारायचा. कादंबरीत 155 प्रकरणं आहेत आणि सुरुवातीलाच लेखकाची सूचना आहे. एक तर छप्पन्नाव्या प्रकरणापर्यंत सरळ वाचा आणि पुस्तक मिटून टाका, उरलेली नाही वाचलीत तरी चालेल. नाहीतर त्र्याहत्तराव्यापासून सुरू करा आणि दिलेल्या आकड्यांप्रमाणे पुढे-मागे उड्या घ्या. या दुसऱ्या वाटेने गेलं तर पंचावन्नावं प्रकरण लागतच नाही, आणि शेवटी अठ्ठावन्नावं आणि एकशे एकतिसावं ही दोन प्रकरणं वाचकाला एकमेकांकडे पाठवत राहतात. म्हणजे पुस्तक संपत नाही, आपण कंटाळून उठायचं. राशिभविष्यापासून दिवाळी अंक उघडणाऱ्या माणसाला यात घाबरण्यासारखं खरं तर काही नाही. पण त्याच माणसाला 'ही उत्तर-आधुनिक कादंबरी आहे' असं सांगा, तो पुस्तक हळूच टेबलावर ठेवून देईल.

या भीतीला जबाबदार कोण, याचा विचार करताना पहिलं बोट माझ्याकडेच वळतं. सहा वर्षांपूर्वी एका लेखिकेची कादंबरिका मी परत पाठवली. चांगली होती, पण वाक्यं लांबलचक, निवेदक तीनदा बदलतो, आणि मधली आठ पानं म्हणजे नुसती एका रेशन दुकानाची नोंदवही. मी पत्रात लिहिलं, 'लेखन दर्जेदार आहे, पण आमच्या सामान्य वाचकांना झेपणार नाही.' आठवड्याने त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: 'कुठल्या वाचकांना विचारलंत?'

मी कुणालाच विचारलं नव्हतं. माझं मलाच झेपलं नव्हतं, आणि ते मी वाचकांच्या नावावर खपवलं होतं.

हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे. विल्यम गॅडिस या अमेरिकन लेखकाची 'द रेकग्निशन्स' ही पहिली कादंबरी 1955 मध्ये आली. पानं 956, विषय बनावट चित्रं. परीक्षणं वाईट आली आणि पुस्तक पडलं. सात वर्षांनी, 1962 मध्ये, जॅक ग्रीन या टोपणनावाच्या एका माणसाने त्या कादंबरीची 55 परीक्षणं समोर घेऊन, स्वतःच काढलेल्या पत्रकात त्यांची चिरफाड केली. कुणी वेष्टनावरचा मजकूर उचलला होता, कुणी आधीच्या परीक्षणावरून लिहिलं होतं, कुणाकुणाच्या चुका अशा होत्या की पुस्तक पुरतं न वाचताच लिहिल्याचं उघड होत होतं. म्हणजे 'वाचवत नाही' हा निकाल देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी वाचण्याचा त्रासच घेतला नव्हता. पहिल्या कादंबरीनंतर वीस वर्षांनी गॅडिसची 'जे आर' आली. सातशेवर पानं, जवळजवळ सगळे संवाद, आणि कोण बोलतंय ते सांगितलेलं नाही. तिला 1976 चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. मी ती मनात वाचायला घेतली तेव्हा चाळीस पानांत दमलो. मग एका दुपारी दार लावून मोठ्यांदा वाचायला लागलो आणि पात्रं आवाजावरून ओळखू यायला लागली. लग्नघरात पलीकडच्या खोलीतून बोलणं येतं तेव्हा आत्या कोण नि मामी कोण हे आपल्याला कुणी सांगतं का? पोथी मोठ्यांदा वाचणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला हे सुचायला इतका वेळ लागला, याचंच नवल.

निकाल देणाऱ्यांचा कळस झाला तो 1974 साली. थॉमस पिंचनच्या 'ग्रॅव्हिटीज रेनबो'ला कादंबरीचं पुलित्झर द्यावं, अशी तिघा परीक्षकांनी एकमताने शिफारस केली. वरच्या मंडळाने ती फेटाळली. पुस्तक वाचण्याजोगं नाही, फुगवलेलं आहे, जागोजाग अश्लील आहे, असं सदस्यांचं म्हणणं पडलं. त्या वर्षी कादंबरीला पुलित्झर दिलंच गेलं नाही. मात्र त्याच वर्षीचा नॅशनल बुक अवॉर्ड त्याच पुस्तकाला, आयझॅक बाशेव्हिस सिंगरच्या कथासंग्रहाबरोबर विभागून मिळाला. लोकांसमोर कधीच न येणाऱ्या पिंचनच्या वतीने तो घ्यायला एक विनोदी नट गेला.

आता माझं सांगतो. हे पुस्तक मी तीनदा सोडलंय. पहिल्यांदा साठाव्या पानावर, दुसऱ्यांदा दीडशेच्या आसपास, तिसऱ्यांदा साडेचारशेच्या पुढे, आणि चौथ्यांदा धरेन असं आज तरी वाटत नाही. पण जे वाचलं त्यातलं काही डोक्यातून जात नाही. युद्धातलं लंडन, एक लष्करी अधिकारी इमारतीच्या गच्चीवर केळी पिकवतो, आणि थंडीतल्या एका पहाटे समुद्रापलीकडून निघालेल्या रॉकेटची पांढरी रेघ आभाळात दिसत असताना तो सोबत्यांच्या नाश्त्यासाठी केळी तोडतो. व्ही-2 हे जर्मन रॉकेट आवाजापेक्षा वेगाने येई. आधी स्फोट आणि मागाहून येण्याचा घोंघाट. ज्याला तो ऐकू आला तो वाचला. जिथे परिणाम आधी आणि कारण नंतर पोचतं, त्या जगाची गोष्ट सरळ 'मग' आणि 'म्हणून' यांनी सांगता येईना, म्हणून पिंचनची कादंबरी तशी वेडीवाकडी झाली आहे. हे कळल्यावर मला तिचा राग आला नाही. दमलो, एवढंच.

उलट दरवर्षी माझ्या टेबलावर असं काही येतं की ज्यात रॉकेट नसतंच, नुसती वेडीवाकडी रेघ असते. विरामचिन्हं काढायची, पात्रांची नावं काढायची, मध्ये एक विजेचं बिल, एक जाहिरात चिकटवायची की झाली प्रयोगशील कादंबरी. सोबतच्या पत्रात 'मराठी वाचक अजून तयार नाही' हे वाक्य असतंच. ही हस्तलिखितं मी आजही परत पाठवतो, आणि त्यावर पोस्टकार्ड आलं तर उत्तरही देऊ शकतो.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही जण जमतो. दोन वर्षांपूर्वी किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' वाचायचं ठरलं. 1974 ची कादंबरी, मौजेची. तिला उत्तर-आधुनिक म्हणावं की नुसतं प्रयोगशील, ते अभ्यासकांनी ठरवावं. कुशंक पुरंदरे हा निवेदक आठवणीतून आठवणीत शिरतो, क्रमाची फिकीर न करता. सात जण होतो. मेसचे डबे करणाऱ्या एक काकू, एसटीतून निवृत्त झालेले एक कंट्रोलर (त्यांना आम्ही आबा म्हणतो), औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा, एक शिक्षिका, एक प्राध्यापक आणि मी. पुस्तक हातात घेताच काकू म्हणाल्या, "हे चुकलंय की. बेचाळीस पाहिजे." प्राध्यापकांनी पाऊण तास काळाच्या मोडतोडीवर विवेचन केलं. पुढच्या महिन्यात औषधवाले आलेच नाहीत. मला नवल वाटलं नाही, कारण मलाही क्षणभर पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं आणि 'संदर्भासहित स्पष्टीकरण द्या' वाचल्यासारखं झालं होतं.

आबांना मात्र काही अडलं नाही. ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे तुकडे करून आणायचे. प्रत्येक तुकड्यावर एक नाव, ते माणूस पहिल्यांदा भेटलं ते पान, आणि दुसऱ्यांदा भेटलं ते पान. मी म्हटलं, "आबा, गोष्ट पुढची आधी आणि मागची नंतर येते, तुम्हाला गोंधळल्यासारखं होत नाही?" त्यांनी चष्मा पुसला. "अहो, नऊची गाडी दहाच्या गाडीनंतर स्टँडात शिरते, तेव्हा प्रवासी गोंधळतात. आम्ही नाही. पाटी वाचायची, कुठून आली बघायचं, रजिस्टरला मांडायची." चार महिने लागले. सातांपैकी चौघांनी कादंबरी पुरी केली. त्यांत काकू होत्या. आवडली का विचारलं तर म्हणाल्या, "आवडली नाही म्हणता येत नाही, पण तो माणूस अजून डोक्यात बसलाय." अशी परीक्षणं आम्हाला छापायला मिळत नाहीत.

चार महिने फार वाटले तर कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसकडे बघा. तिथल्या एका वाचकगटाने जेम्स जॉइसची 'फिनेगन्स वेक' 1995 मध्ये सुरू केली, महिन्याला जेमतेम पान-दोन पानं अशी, आणि 2023 च्या ऑक्टोबरात संपवली. अठ्ठावीस वर्षं. मग त्यांनी ती पुन्हा पहिल्या पानापासून घेतली.

आणि काही पुस्तकांवर तर अवघडपणाचा नुसता आळ आलेला असतो. जॉर्ज पेरेकच्या 1978 च्या फ्रेंच कादंबरीचं नाव मराठीत 'जगणं: वापरण्याच्या सूचना' असं काहीसं होईल. तिच्याबद्दल आधी हेच सांगितलं जातं की पॅरिसमधल्या एका इमारतीचे दहा बाय दहा अशा शंभर घरांत भाग पाडले आहेत, आणि बुद्धिबळातला घोडा अडीच-अडीच घरं उडत सगळा पट फिरावा तशी कादंबरी खोल्याखोल्यांतून फिरते. हे ऐकून कोण वाचेल? पण हे गणित लेखकाचं आहे. वाचकाला ते माहीत नसलं तरी काडीचं अडत नाही. वाचकाला दिसते ती समोरची भिंत काढून घेतलेली एक इमारत, आणि मजल्यामजल्यावरची माणसं, त्यांचं सामान, भांडणं, कर्जं, गेलेले भाडेकरू. 'बटाट्याची चाळ' वाचून हसलेल्या माणसाला ही मांडणी परकी वाटायचं कारण नाही.

त्या इमारतीत बार्टलबूथ नावाचा एक गडगंज इंग्रज आहे. त्याने आयुष्य आखून घेतलंय. दहा वर्षं जलरंग शिकायचे. वीस वर्षं जगभर फिरून पाचशे बंदरांची चित्रं काढायची. प्रत्येक चित्राचं एका कारागिराकडून साडेसातशे तुकड्यांचं कोडं करून घ्यायचं, पुढची वीस वर्षं ती कोडी जुळवायची, आणि जुळलेलं चित्र त्याच बंदरावर नेऊन रंग जाईपर्यंत धुऊन टाकायचं. मागे कोरा कागद. 23 जून 1975 च्या संध्याकाळी, आठच्या सुमाराला, तो चारशे एकोणचाळिसाव्या कोड्यासमोर मरून पडलाय. एकच तुकडा बसायचा राहिलाय. रिकामी जागा इंग्रजी 'एक्स'च्या आकाराची आणि त्याच्या हातातला तुकडा 'डब्ल्यू'च्या. हे समजायला कुठला सिद्धान्त लागतो? मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

मराठीत आपण 'अर्थ लागला' म्हणतो, तसंच 'अर्थ लावला'ही म्हणतो. पहिल्यात आपल्याला वाट बघावी लागते, दुसऱ्यात खटपट करावी लागते. आबांच्या तुकड्यांत दोन्ही होतं. आमच्या शाळेत मात्र तिसराच प्रकार होता. अर्थ मार्गदर्शकात छापलेला असे आणि तो आपल्याला सापडला नाही तर गुण जात. माझा अंदाज असा की अवघड कादंबरी समोर आली की पुष्कळांच्या मनात ते गुण जायला लागतात. कादंबरी नंतर अडते, लाज आधी अडवते. परीक्षणं लिहिणारे आम्ही लोक ती लाज वाढवतो. एकतर 'वाचकाला झेपणार नाही' म्हणून, नाहीतर प्राध्यापकांसारखं पाऊण तास बोलून.

त्या लेखिकेला मी या वर्षी पुन्हा पत्र लिहिलं आणि माफी मागितली. कादंबरिका त्यांनी दिली, मात्र एका अटीवर: आधी परिचय छापायचा नाही, शेवटी टिपा द्यायच्या नाहीत, आणि रेशन दुकानाची आठ पानं कापायची नाहीत. तिन्ही अटी पाळल्या आहेत, त्यामुळे तिच्याबद्दल इथे काही सांगत नाही. पान 112 वर ती सुरू होते. राशिभविष्य आधी वाचलंत तरी हरकत नाही.

एक विनंती आहे. पूर्ण वाचलीत तर कळवाच, पण अर्ध्यावर सोडलीत तरी कळवा. आवडली की नाही हे लिहायची गरज नाही, फक्त कितव्या पानावर सोडलीत तेवढा आकडा पोस्टकार्डावर टाका. आलेले सगळे आकडे पुढच्या अंकात छापू. माझा पहिला आकडा 131. तिथे एक वाक्य सुरू होतं आणि अडीच पानं चालतं.