किंग्स्टनहून धारला

माळव्यातील धार व देवास या पवारांच्या संस्थानांचा इतिहास आपण सनदा, लढाया आणि दत्तकविधानांपुरता वाचतो. म्हणून या मुलखाचे कॅनडाशी जुळलेले वैद्यकीय नाते बहुधा नजरेआड राहते. कॅनडातील किंग्स्टनच्या वैद्यक-विद्यार्थ्यांनी सहाध्यायिनींना वर्गात बसू देण्यास हरकत घेतली, तेव्हा १८८३ साली तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यक महाविद्यालय निघाले, आणि तेथून उत्तीर्ण झालेल्या एलिझाबेथ बेटी व मॅरियन ऑलिव्हर इंदुरास, तर मार्गारेट ओहारा पुढे धारेस रुजू झाल्या. धर्मप्रसाराचा हेतू त्यामागे होताच, तो झाकण्याचे प्रयोजन नाही. परंतु परपुरुषाने नाडी पाहणेही जेथे अप्रशस्त, तेथे परदेशी डॉक्टरीण एकटी पुरी पडणारी नव्हती: हत्यारे उकळणारी, ज्वराचा आलेख भरणारी, रात्री खाटेपाशी जागणारी परिचारिका याच मातीतून घडवणे प्राप्त होते. असे घडवणे सहवासानेच होते; परिचर्या-शिक्षणाचे आजचे आंतरराष्ट्रीय करारनामे मात्र बहुधा हस्तांदोलनाच्या छायाचित्रापाशीच थबकतात. देवासच्या प्रसूतिकक्षात परदेशी अध्यापिकेने निदान एक पावसाळा शिकवावा, आणि तिथल्या परिचारिकेलाही तितकाच काळ तिकडे धाडावे, हे कलम त्यांत कोणी घालील काय?