सवलतीचे दार मिटताना

थंड प्रदेशात घराची खिडकी ही केवळ प्रकाशाची वाट नसते. पैसे मोजून तापवलेली हवा निसटण्याचीही ती वाट असते. जुनी एकेरी काच काढून दुहेरी वा तिहेरी काचेची खिडकी बसवणे ही म्हणूनच कुटुंबाची काटकसर असते आणि देशाची इंधनबचतही. १९७३ च्या तेलसंकटाचे चटके सोसलेल्या अमेरिकेने १९७८ मध्ये अशा खर्चावर करसवलत दिली, ती यामुळेच.

तथापि, धोरण शहाणपणाचे असले तरी त्यात सातत्य राहिले नाही. पहिली सवलत १९८५ अखेर संपली. २००५ च्या कायद्याने ती नव्या रूपात आली, २००८ मध्ये खंडित झाली आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२२ च्या कायद्याने मात्र दीर्घ मुदतीचे आश्वासन दिले. २०२३ पासून खर्चाच्या ३० टक्के रक्कम करातून वजा होऊ लागली. खिडक्यांसाठी वर्षाला ६०० डॉलर, प्रत्येक बाहेरच्या दारासाठी २५० आणि सर्व दारांसाठी मिळून ५०० डॉलर ही मर्यादा होती. हे २०३२ पर्यंत चालणार होते. मर्यादा वार्षिक असल्याने यंदा निम्म्या खिडक्या, पुढील वर्षी उरलेल्या, असा हिशेब करणे मध्यमवर्गीय गृहस्थाला सोयीचे होते.

४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने हा हिशेब मोडला. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या खिडक्या-दारांना सवलत उरली नाही. ज्यांना खिडक्या बदलायच्याच होत्या, त्यांना सरकारी तिजोरीतून पैसा का द्यावा, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. शिवाय ही वजावट देय करापुरतीच मिळे. उरलेली रक्कम परत मिळत नसे वा पुढील वर्षाकडेही नेता येत नसे. ज्याचे उत्पन्न इतके तुटपुंजे की कर लागतच नाही, त्याच्या घरात वारा शिरत असूनही त्याच्या हाती काहीच पडत नसे. वस्तुतः हा दोष दूर करणे हे सुधारणेचे काम होते. त्याऐवजी सात वर्षे आधीच दार लावून घेण्यात आले.

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी एवढे ध्यानी ठेवावे, की २०२५ अखेरपर्यंत झालेल्या कामावरील हक्क बुडालेला नाही. मात्र त्या मुदतीत नुसते पैसे भरलेले पुरेसे नाहीत. काम पूर्ण झालेले हवे. घर स्वतःच्या मालकीचे व मुख्य निवासाचे हवे. खिडकी ‘एनर्जी स्टार’च्या सर्वाधिक कार्यक्षम श्रेणीतील हवी. बसवण्याची मजुरी हिशेबात धरता येत नाही, म्हणून वस्तूची किंमत वेगळी दाखवणारे बिल जपावे. २०२५ च्या कामासाठी उत्पादकाचा ओळखक्रमांकही लागतो. दावा ५६९५ क्रमांकाच्या प्रपत्रावर करावयाचा असतो. २०२३ वा २०२४ मधील दावा राहून गेला असल्यास, मूळ विवरणपत्र भरल्यापासून साधारणतः तीन वर्षांच्या आत सुधारित विवरणपत्र भरता येते.

सवलत द्यावी की नाही, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु दिलेल्या मुदतीवर विसंबून ज्याने संसाराचा खर्च आखला, त्याला मध्येच उघड्यावर सोडले की पुढच्या आश्वासनावर तो विश्वास ठेवत नाही. खिडकीची फट बुजवता येते. शासनाच्या शब्दाला पडलेली फट बुजवणे त्याहून कठीण असते.