बालगृहांतील प्रत्येक मुलाला जन आरोग्य योजनेचा स्वतंत्र लाभार्थी करा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत कार्यवाहीस्तव : मा. आयुक्त, महिला व बालविकास, पुणे, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई.

विषय : बालगृहे, शिशुगृहे व निरीक्षणगृहांतील बालकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ सक्षम प्राधिकरणाच्या आदेशावर मिळण्याबाबत.

महोदय,

रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राचा पहिला प्रश्न असतो, ‘रेशनकार्ड आणलंय का?’ समोर शिशुगृहातील काळजीवाहिका उभी असते. कडेवर बाळ आणि पिशवीत त्याची केसफाइल. फाइलमध्ये बालकल्याण समितीचा आदेश असतो, पोलिसांचा अहवाल असतो, अंदाजाने ठरवलेली जन्मतारीख असते. आईवडिलांच्या नावाचा रकाना कोरा. बाळाच्या हृदयाला छिद्र आहे, शस्त्रक्रिया योजनेत बसते. पण संगणकाला शिधापत्रिकेचा क्रमांक हवा असतो आणि त्या पत्रिकेवर बाळाचे नाव. मग अधीक्षकांचे पत्र, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे पत्र, समन्वयकांना फोन अशी धावाधाव सुरू होते. समजूतदार अधिकारी भेटला तर काम त्याच दिवशी होते, नाही तर देणगीदार शोधावा लागतो. मुलाचा उपचार असा कुणाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून हे निवेदन सादर करण्यात येत आहे.

राज्याने ही योजना टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, याची नोंद कृतज्ञतेने घ्यायला हवी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबे तिच्या छायेखाली आली आणि विमा संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपये झाले.

अडचण ‘प्रति कुटुंब’ इथेच आहे. आयुष्मान भारतची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेतील कुटुंबांवरून तयार झाली. शिधापत्रिकाही कुटुंबाचीच असते. बालगृहातील मुलाचे कुटुंब कोणते?

योजनेच्या लाभार्थी गटांत शासकीय अनाथालयांतील मुलांचा उल्लेख पूर्वीपासून आहे. परंतु राज्यातील बहुतांश बालगृहे स्वयंसेवी संस्था चालवतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार त्यांची नोंदणी होते आणि मूल तिथे जाते ते बालकल्याण समितीच्या आदेशानेच. शासकीय गृहात जायचे की संस्थेच्या, हे मूल ठरवत नाही. शिवाय गृहांतील सगळीच मुले अनाथ नसतात. कुणाचे वडील तुरुंगात, कुणाची आई मनोरुग्णालयात, कुणाचे नाव गावाकडच्या अशा शिधापत्रिकेवर की ती कुणाकडे आहे हेच ठाऊक नाही. कल्याण किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सापडलेले परप्रांतीय मूल अधिवास प्रमाणपत्र आणणार कुठून?

याच अधिनियमाचे कलम ५३ संस्थांतील मुलांना वैद्यकीय उपचार देण्याची आणि ओळखीचा पुरावा मिळवून देण्यास साहाय्य करण्याची तरतूद करते. म्हणजे एक कायदा मुलाची जबाबदारी घेतो आणि दुसऱ्या विभागाची खिडकी त्याला कागद मागून परत पाठवते.

मूल हेच लाभार्थी घटक मानता येते, याचा दाखला देशात आहे. ११ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळात कोविडमुळे दोन्ही पालक गमावलेल्या बालकांना ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ योजनेतून आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण देण्यात आले. हा निर्णय अत्यंत योग्य होता. क्षयरोगाने किंवा अपघाताने पोरके झालेल्या मुलाची गरज त्याहून कमी नाही.

आणि राज्याची ही जन आरोग्य योजना कुणाच्या नावाची आहे? १८६३ मध्ये जोतिराव व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले, डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगमध्ये तोच सावित्रीबाईंच्या सोबतीने रुग्णांच्या सेवेत होता.

अठरा वर्षे पूर्ण झाली की प्रश्न अधिक अवघड होतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन सांभाळणारे शंकरबाबा पापळकर, अशा मुलांना अठराव्या वर्षानंतरही आसरा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे मागणी करत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या मागणीमागची चिंता उपचारांनाही तितकीच लागू आहे.

वरील बाबी विचारात घेऊन पुढील मागण्या करण्यात येत आहेत :

१. कलम ४१ खाली नोंदणी झालेल्या प्रत्येक संस्थेतील प्रत्येक बालक, संस्था शासकीय असो वा स्वयंसेवी, पालक असोत वा नसोत, मूळ राज्य कोणतेही असो, योजनेस पात्र असल्याचे स्पष्ट परिपत्रक काढावे.

२. बालकल्याण समितीचा किंवा बाल न्याय मंडळाचा आदेश आणि संस्थेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरेसे मानावे. शिधापत्रिका, अधिवास प्रमाणपत्र किंवा आधार यांअभावी उपचार नाकारू नयेत.

३. प्रत्येक बालकास स्वतंत्र घटक मानून ५ लाखांचे संरक्षण द्यावे. पन्नास मुलांचे गृह हे एक कुटुंब धरले जाऊ नये.

४. प्रवेशाच्या आदेशापासून १५ दिवसांत कार्ड द्यावे आणि जिल्हा बदलला तरी ते चालावे.

५. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथके प्रामुख्याने अंगणवाड्या आणि शाळांत तपासणी करतात. त्यांनी शिशुगृहे व बालगृहांना वर्षातून दोनदा भेट द्यावी.

६. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अनुरक्षणगृहात राहणाऱ्या युवकांना वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत आणि बेवारस दिव्यांगांना आजीवन पात्रता असावी.

७. नाकारलेल्या प्रकरणांचा दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांनी आढावा घ्यावा.

पहिल्या दोन मागण्यांसाठी नवा कायदा करावा लागत नाही. आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन विभागांचे संयुक्त परिपत्रक पुरेसे आहे. ते तातडीने निर्गमित करावे आणि उर्वरित मागण्यांवर चर्चेसाठी शिष्टमंडळास वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
राज्यातील बालगृहांचे अधीक्षक, परिचारिका, समुपदेशक व काळजीवाहक